पाणमांजराच्या आतली बाई

मिग्दालिया ओकासिओला तिच्या नोकरीत लाखभर लोकांनी तरी मिठी मारली असेल. त्यांतल्या एकालाही तिचं नाव माहीत नव्हतं. लोक मिठी मारायचे ते पिमला. पिम म्हणजे निळी टोपी घातलेलं पाणमांजर, आमच्या पार्कातलं सगळ्यांत लाडकं सोंग. कपांवर पिम, टॉवेलांवर पिम, हायवेवरच्या पाटीवर दोन मजले उंच पिम. आत कोण आहे हे कुणी विचारायचं नाही आणि आम्ही सांगायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम.

दुसरा नियम त्याहून कडक. पोशाखाचं डोकं फक्त हिरव्या दाराच्या आत काढायचं. हिरवं दार म्हणजे पार्कच्या मागच्या बाजूला, जिथे पाहुणे येत नाहीत तिथे उघडणारं दार. त्याच्या बाहेर काहीही होवो, भोवळ येवो, उलटी होवो, डोकं जागच्या जागी राहिलं पाहिजे. लहान मुलाने पिमच्या मानेतून घामाने थबथबलेली बाई बाहेर येताना पाहिली तर त्याचं बालपण म्हणे संपतं. बाईचं काय संपतं, ते नियमात लिहिलेलं नव्हतं.

मी व्हर्ना स्टब्ज. अकरा वर्षं मी मिग्दालियाची सोबतीण होते. पोशाखातल्या माणसाला बोलायची परवानगी नसते आणि पिमच्या तोंडाच्या जाळीतून त्याला धड स्वतःचे पायही दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक पात्राबरोबर साध्या गणवेशातली एक सोबतीण असते. रांग लावायची, घाबरलेल्या पोराला पुढे घ्यायचं, शेपटी ओढणाऱ्या बापाला गोडीत आवरायचं, आणि डोळ्यांत तेल घालून आतल्या माणसावर लक्ष ठेवायचं. पगार मला या शेवटच्या कामाचा मिळत होता, हे मला आता कळतं.

मिग्दालिया पोर्तो रिको बेटावरच्या पोन्से गावची. दोन वर्षांच्या नेरेइदाला कडेवर घेऊन ती तिथून आमच्या पार्कजवळच्या किसिमी गावात बहिणीकडे आली आणि पार्कच्या स्वयंपाकघरात काम मागायला गेली. मुलाखत घेणाऱ्याने तिच्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिला दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं. चार फूट दहा इंच. पिमचा पोशाख बरोबर त्याच मापाचा होता.

"सगळा जन्म लोक माझ्या उंचीवर हसले," ती मला म्हणायची, "आता हसायला तिकीट काढून येतात. लांबडे, तुझ्या सहा फुटांना विचारतंय का कुणी?"

मला ती लांबडीच म्हणायची. तिच्याबरोबर उभी राहिले की मी खरंच खांबासारखी दिसायचे. दुपारी हिरव्या दाराच्या आत, पंख्यासमोर बसून ती तुरीचे दाणे आणि डुकराचं मांस घातलेला भात खायची, मी उकडलेल्या शेंगा. माझ्या शेंगांना ती नावं ठेवायची आणि अर्ध्या पिशवीचा फडशा पाडायची.

कामात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पिमला बोलता येत नाही, चेहरा हलत नाही, तरी तो लाजला आहे, रुसला आहे, हे ती नुसत्या खांद्यांनी दाखवायची. एकदा एक आंधळी मुलगी आली. मिग्दालियाने तिचा हात धरून तो पिमच्या नाकावर, मिशांवर, टोपीवर सावकाश फिरवला. पार्कच्या जाहिरातीत त्या दिवसाचा फोटो नंतर वर्षभर होता. खाली नाव अर्थातच पिमचं.

पोशाखाचं वजन सोळा किलो. आत फोम, वर लोकर, आणि डोक्यात एक छोटा पंखा जो नुसता आवाज करायचा. पूर्वी उन्हाळ्यात वीस मिनिटं बाहेर आणि चाळीस मिनिटं आत असं होतं. मग लंडक्विस्ट नावाचा नवा मॅनेजर आला. गोरागोमटा, हसरा, सगळ्यांना नावाने हाक मारणारा. त्याने एका सोमवारी आकडे उलटे केले. चाळीस बाहेर, वीस आत. विचारायला गेलो तर म्हणाला, "पाहुणे खूप लांबून येतात गं. त्यांचा विचार नको का करायला?"

आत गुदमरायला लागलं तर करायची खूण आमच्याकडे ठरलेली होती. पात्राने सोबतिणीचा हात धरायचा आणि बोटं तीनदा दाबायची. लोकांना वाटतं पिम लाडात आलाय. नव्या पोरींना ही खूण शिकवायचं काम मिग्दालियाने स्वतःहून घेतलं होतं. ती त्यांना ओळीने उभं करून दरडावायची, "लाजायचं नाही. खूण केली म्हणजे कामचुकारपणा केला असं नाही. तीनदा, जोरात. मी रोज करते, मला काही झालं का?"

पण खूण मिळाली म्हणून सोबतीण आपणहून पात्राला आत नेऊ शकत नव्हती. पार्कावर नजर ठेवायला एक मनोरा होता, त्यातल्या सुपरवायझरला वॉकी-टॉकीवर विचारायचं. तो हो म्हणाला तर निघायचं. आधीचे सुपरवायझर लगेच हो म्हणायचे. लंडक्विस्टच्या काळात उत्तर बदललं. "रांग संपू दे."

त्या वर्षी मे महिन्यात आमच्या पेलिकन पक्ष्याला, म्हणजे त्या सोंगातल्या डेल्रॉय नावाच्या जमैकन माणसाला, पोशाखाच्या डोक्याच्या आतच उलटी झाली. नाकातोंडात गेलं. त्याने आइस्क्रीमच्या गाडीमागे जाऊन डोकं काढलं आणि दोन मुलांनी ते पाहिलं. त्याच दुपारी त्याला कामावरून काढलं. नियम मोडला म्हणून. उलटी केली म्हणून नाही, हे लंडक्विस्टने आम्हाला मुद्दाम समजावून सांगितलं.

मिग्दालियाने त्या दिवशी भाताचा डबा उघडलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती कार्डांचा गठ्ठा घेऊन आली, युनियन हवी असं सही करून सांगायची कार्डं.

हायवेच्या पलीकडच्या मोठ्या पार्कात युनियन होती. तिथेही पोशाख जडच, ऊनही तेच. पण तिथल्या करारात एक ओळ होती, आणि मिग्दालियाला ती तोंडपाठ होती. सोबतिणीला खूण मिळाली की फेरी तिथेच संपली. कुणालाही विचारायचं नाही, आणि त्यासाठी कुणाला शिक्षा नाही.

"एवढंच पाहिजे मला," पार्किंगमध्ये गाडीच्या टपावर कार्डं मांडून ती सांगायची. "पगारबिगार नंतर बघू. ही एक ओळ. पोरींनो, आपण आत असतो तेव्हा आपल्याला तोंड नसतं. आपलं तोंड म्हणजे सोबतीण. आणि तिलाच बोलायची परवानगी नसेल तर आपण मेलोच की."

एकेक करत दोनशेच्या वर कार्डं भरली. माझं भरलं नाही. माझा नवरा ड्यूई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायचा आणि त्याचा विमा माझ्या नोकरीवर होता. मी मिग्दालियाला म्हटलं, "मिग्दा, तुला माहितीये माझं."

"माहितीये ना," ती म्हणाली. "ड्यूई कसाय? पायाची सूज उतरली?" कार्डाचं नाव तिने परत काढलं नाही. ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मग बैठका सुरू झाल्या. कामाच्या वेळात आम्हाला पंचवीस-पंचवीसच्या गटाने थंडगार हॉलमध्ये बसवायचे, डोनट द्यायचे आणि सांगायचे की युनियन म्हणजे बाहेरची माणसं, आपण सगळे एक कुटुंब. एका बैठकीत मिग्दालियाने हात वर केला. "कुटुंब असेल तर मला खूण करायला परवानगी कशाला लागते? माझी मुलगी मला पाणी मागताना मनोऱ्याला विचारत नाही." हॉल हसला. लंडक्विस्टही हसला. पण दुसऱ्या दिवसापासून मिग्दालियाच्या फेऱ्या भर बाराच्या उन्हात लागल्या.

युनियन हवी की नको याचं मतदान ठरलं ऑगस्टच्या अखेरीला. सरकारी माणसांच्या समोर, गुप्त. आणि जुलैच्या एका गुरुवारी ते झालं.

पारा सत्त्याण्णव फॅरनहाइटवर होता आणि हवा ओल्या चादरीसारखी अंगाला चिकटत होती. पिमची फेरी कारंज्याजवळ. त्या दिवशी कुठल्याशा मोठ्या कंपनीची सहल आली होती, तिथल्या कर्मचाऱ्यांची शंभरेक मुलं, सगळ्यांच्या अंगात एकसारखे पिवळे टी-शर्ट. पंचविसाव्या मिनिटाला मिग्दालियाने माझा हात धरला आणि बोटं दाबली. तीनदा.

मी बटण दाबून म्हटलं, "मनोरा, पिमला आत घेऊ का?"

"किती मुलं उरलीत?"

"चाळीस असतील."

"खास पाहुणे आहेत, व्हर्ना. दहा मिनिटं."

मी तिच्या कानाशी वाकले आणि पिमशी लाडात बोलतेय असं दाखवत म्हटलं, "दहा मिनिटं, मिग्दा." पिमने मान डोलवली. पुढच्या मुलाला मिठी मारली. त्याच्या पुढच्या मुलीला मिठी मारली. तिची मिठी नेहमीसारखी नव्हती. ती त्या मुलीवर ओणवली होती, पोरीने तिला तोलून धरलं होतं. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

मग तिने परत माझा हात धरला. या वेळी इतका जोरात दाबला की माझी अंगठी बोटात रुतली. एक, दोन, तीन. मी परत बटण दाबलं. मनोऱ्यातून उत्तर आलं, "आत्ताच सांगितलं ना? रांग संपू दे."

हिरवं दार तिथून नव्वद पावलांवर होतं. तिला खांद्याशी धरून मी नुसती चालायला लागले असते तर मला कुणी गोळी घातली नसती. फार तर डेल्रॉयसारखी घरी गेले असते. पण मला ड्यूईचा विमा आठवला आणि मी पुढच्या मुलाला हाक मारली. "ये रे बाळा, पिम तुझीच वाट बघतोय."

पाच मुलं आणखी झाली. सहाव्याला पिम गुडघ्यावर बसला, मग कुशीवर झाला. सावकाश, आवाज न करता. लोकर आणि फोम, पडल्याचा आवाज होतच नाही. मुलं हसली. त्यांना वाटलं खेळ आहे.

आणि मी काय केलं? मला जे शिकवलं होतं ते केलं. ओठांवर बोट ठेवून मुलांना म्हटलं, "शूऽऽ, पिमला झोप लागली." असं काही झालं तर हेच म्हणायचं, हे आम्हाला पाठ करून घेतलं होतं. मुलं खूश झाली. मुलांबरोबर आलेली एक बाई म्हणाली, "चला, आपण त्याच्यासाठी अंगाई म्हणू या." आणि तिथल्या सगळ्या मुलांनी हलक्या आवाजात अंगाई म्हटली. मीही म्हटली. वॉकी-टॉकीवर मदत मागत होते आणि मधूनमधून अंगाई म्हणत होते. डोकं काढायला माझा हात दोनदा मानेच्या बकलाशी गेला आणि दोनदा मागे आला. मुलांचे डोळे माझ्याकडे होते.

पार्कची मदतीची गाडी यायला सहा मिनिटं लागली. गाडीतल्या माणसांनी तिच्यावर चादर टाकली आणि हिरव्या दारातून आत नेलं. मग आम्ही डोकं काढलं. तिचा चेहरा लालबुंद आणि पार कोरडा होता. घाम थांबला होता. डोळे अर्धे उघडे होते आणि ती कुणाकडेच बघत नव्हती. मी बर्फ, बर्फ म्हणून ओरडले. इतक्या जोरात मी त्या पार्कात कधी बोलले नव्हते.

अँब्युलन्स गेली आणि अर्ध्या तासात मला ऑफिसात बोलावणं आलं. लंडक्विस्ट, माणसं सांभाळायच्या विभागातली एक बाई आणि मी कधीच न पाहिलेला एक वकील. टेबलाच्या त्या बाजूला तिघं, या बाजूला मी. त्यांनी मला पाणी दिलं, टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मग वकिलाने एक कागद ठेवला. आधीच टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं की पात्राने ठरलेली खूण केली नाही, आणि त्यामुळे सोबतिणीला त्रासाची कल्पना येऊ शकली नाही.

मी म्हटलं, "माझ्याबरोबर कुणी बसू शकेल का? मला कुणाला तरी विचारायचंय."

"कुणाला?" लंडक्विस्टने विचारलं. त्याला खरंच प्रश्न पडला होता.

ज्याला बोलवायचं असा माणूसच आमच्याकडे नव्हता.

"हे बघ," ती बाई हळुवार आवाजात म्हणाली, "खूण केली होती असं तू म्हणालीस, तर प्रश्न असा येईल की मग तू काय केलंस. तू तिथे सर्वांत जवळ होतीस. आम्हाला तुझी काळजी वाटते."

वॉकी-टॉकीवरचं बोलणं कुठे नोंदलं जात नव्हतं. मनोऱ्यातला माणूस काय सांगणार हे मला कळत होतं. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवार, ड्यूईच्या डायलिसिसचा वार. मी सही केली. माझं नाव लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

मिग्दालिया वाचली. वाचली म्हणजे काय ते नंतर कळलं. नऊ दिवस ती शुद्धीवर नव्हती. मूत्रपिंडं सुधारली, पण मेंदूला आच लागली होती. चालताना तोल जायचा, घास तोंडापर्यंत नेताना हात थरथरायचा, शब्द जड झाले होते. आणि त्या आठवड्यातलं तिला काहीच आठवत नव्हतं.

ऑगस्टच्या बैठकांत लंडक्विस्टने माझा कागद वाचून दाखवला. नाव न घेता, फार वाईट वाटतंय अशा आवाजात. "आपल्याकडे नियम होता. खूण होती. आपल्या लाडक्या सहकारिणीने, जी इतरांना ती शिकवायची, तिनेच ती वापरली नाही. याला युनियन काय करणार?" लोक खाली बघत होते. पोरींपैकी एक माझ्या शेजारी पुटपुटली, "मला तर म्हणायची लाजू नका. स्वतः मात्र हिरोगिरी केली." मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. मतदान झालं. बाजूने एकशे ऐंशी, विरोधात दोनशे एक. कार्ड भरलेल्यांतली वीसेक माणसं तरी फिरली होती. त्यांची तोंडं मला सांगता येतील, त्या बैठकीत माझ्या पुढच्याच रांगांत बसलेली होती. ती एक ओळ करारात आली नाही, कारण करारच आला नाही. मिग्दालियाच्या भरपाईच्या अर्जावरही तेच उत्तर आलं, ठरलेली पद्धत न वापरल्यामुळे इजा झाली. माझी सही सोबत जोडलेली होती.

मी तिला भेटायला गेले ते ऑक्टोबरात. तीन महिने मी रोज उद्या जाते म्हणत होते. ती खिडकीपाशी बसली होती, केस कापलेले, मांडीवर उशी. नेरेइदा आता बावीस वर्षांची, आईसाठी कॉलेज सोडून घरी बसलेली. तिने मला कॉफी आणून दिली आणि स्वयंपाकघरात भांडी घासायला गेली.

"लां-बडे," मिग्दालिया म्हणाली. शब्द मध्येच तुटला, तिने तो परत नीट जोडून म्हटला. "बस. ड्यूई कसाय?"

"बराय."

"मला तुझी माफी मागायचीये."

"माझी?"

"माझ्यामुळे तुला ऑफिसात जावं लागलं. नेरेइदाने सांगितलं मला, तू लिहून दिलंस." तिचा हात उशीवर थरथरत होता, तिने तो दुसऱ्या हाताने धरला. "खरं ते लिहिलंस, चांगलं केलंस. मीच घोटाळा केला. एवढी वर्षं पोरींना शिकवलं आणि वेळ आली तेव्हा विसरले. मतदान पण माझ्यामुळेच हरलो आपण. मी दिवसभर इथे बसून आठवते, व्हर्ना. का केली नाही मी खूण? एवढी कशाची घमेंड आली होती मला?"

तिला कधीच काही आठवणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं मला माहीत होतं. मी गप्प बसले असते तर ते गाडलेलं गाडलेलंच राहिलं असतं. पण ती माझी माफी मागत होती. माझी. ते काही मला सोसलं नाही.

"तू विसरली नाहीस, मिग्दा," मी म्हटलं. "तू खूण केलीस. दोनदा. दुसऱ्यांदा तर माझी अंगठी रुतली बोटात."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा उजळला, अगदी पोरीसारखा. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. ती हसत होती. वाकड्या झालेल्या तोंडाने हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"केली होती? देवाशपथ?" ती म्हणाली. "नेरेइदा! अगं ए नेरेइदा, इकडे ये! ऐक ही काय म्हणतेय. मी विसरले नव्हते. मी केली होती खूण, दोनदा केली होती!"

नेरेइदा साबणाच्या हातांनी दारात आली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग?" तिने विचारलं.

तेवढ्या वेळात मिग्दालियाही त्याच प्रश्नापाशी येऊन पोचली. हसू तिच्या तोंडावर होतं तसंच होतं, फक्त डोळे थांबले.

"हो गं," ती सावकाश म्हणाली, एकेक शब्द नीट लावत. "मी खूण केली. मग काय झालं, व्हर्ना?"

"मग मी मनोऱ्याला विचारलं," मी म्हटलं. "त्यांनी नाही म्हटलं. आणि मी पुढच्या मुलाला हाक मारली."